राम गणेश गडकरी : पहिल्या प्याल्याचे नाटककार

मराठी रंगभूमीवर हसविणारे नाटककार पुष्कळ झाले, रडविणारेही झाले. परंतु एकाच नाटकात प्रेक्षकाला पोट धरून हसावयास लावणारा आणि त्याच रात्री त्याला मान खाली घालून घरी पाठविणारा नाटककार म्हटला की, राम गणेश गडकरी हेच नाव प्रथम आठवते. त्यांना अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातही लेखनाची वर्षे फार तर बारा-तेरा. एवढ्या थोड्या काळात त्यांनी चार नाटके पूर्ण केली, काही अपुरी ठेवली, गोविंदाग्रज ह्या नावाने कविता लिहिल्या आणि बाळकराम ह्या नावाने विनोदी लेख लिहिले. आज त्यांच्या जन्माला एक शतकाहून अधिक काळ लोटला, तरीही मराठी माणूस एखाद्या व्यसनी गृहस्थाला तळीराम म्हणून जातो आणि हा शब्द आपण गडकऱ्यांकडून उसना घेतला आहे ह्याचे त्याला भानही नसते. एखाद्या लेखकाचे पात्र भाषेतील सामान्यनाम होऊन बसावे, ह्याहून त्या लेखकाच्या यशाची दुसरी खूण कोणती द्यावी?

ह्या लेखात गडकऱ्यांचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे आहे. आणि त्याबरोबरच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. रंगभूमीवर थोर योग्यतेचा मनुष्य डोळ्यांदेखत नाश पावतो, तो का? त्याचा नाश अटळ असतो काय? आणि अटळ असेल, तर ते पाहून आपण शिकावयाचे तरी काय?

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी आज गुजरात राज्यात आहे. त्या काळी ती गायकवाडांच्या बडोदे संस्थानात मोडत असे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील हे कुटुंब गुजरातेत राहिलेले. राम लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. कुटुंब पुढे पुण्यास आले. गुजरातेत बालपण गेल्यामुळे त्या मुलाला मराठीची ओळख फारशी नव्हती. ग्रंथांतील मराठी तर त्याला पुढे किशोरवयात शिकून घ्यावी लागली. ज्या मुलाने मराठी अशी मागाहून आपलीशी केली, त्यानेच पुढे महाराष्ट्र गीत लिहिले आणि मराठी गद्याला असा साज चढविला की, तसा तो चढविण्याचा प्रयत्न पुढील दोन पिढ्यांचे नाटककार करीत राहिले.

ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या शाळेतील बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. पुष्कळदा विद्यार्थ्यांना वाटते की, ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पुस्तकी मराठी नांदली, त्यांनाच मराठीत काही लिहिता येईल. गडकऱ्यांचे उदाहरण ह्याच्या अगदी उलट आहे. ज्ञानेश्वर, मोरोपंत आणि केशवसुत ह्यांचे वाचन त्यांनी तहानलेल्या माणसाने पाणी प्यावे तसे केले. भाषा जन्मतः मिळाली नाही, म्हणून ती त्यांनी कमावली. आणि कमावलेल्या धनाची किंमत मनुष्याला अधिक कळते.

मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. परंतु कॉलेजचे शिक्षण फार काळ चालले नाही. घरची स्थिती ओढगस्तीची. पोटापाण्याचा उद्योग पाहणे भाग होते. वृत्तपत्रात काही काम केले आणि मग ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. तेथे त्यांचे काम नाटककाराचे नव्हते. कंपनीतील लहान मुलांना शिकविण्याचे होते. त्या काळच्या नाटक कंपन्यांतून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आणि कोवळ्या वयाची, गोड गळ्याची मुले कंपनीतच वाढत. त्यांना चार अक्षरे यावीत म्हणून मास्तर नेमलेला असे. असा हा शाळामास्तर रात्री पडद्याआडून नाटक पाहत होता आणि रंगभूमी कशी चालते, प्रेक्षक कोठे हसतो, कोठे स्तब्ध होतो, हे मनात टिपून घेत होता. कॉलेजात जे शिक्षण अपुरे राहिले, ते त्यांनी ह्या दुसऱ्या विद्यालयात पूर्ण केले.

ह्याच काळात त्यांना श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांच्या नाटकांनी आणि विनोदाने मोहिनी घातली. कोल्हटकरांना ते आपले गुरू मानीत. कवितेत त्यांची निष्ठा केशवसुतांवर होती. इंग्रजी वाचनात शेक्सपिअर हे त्यांचे मोठे दैवत. कोल्हटकरांपासून त्यांनी कोटी आणि कल्पनाविलास घेतला. शेक्सपिअरपासून मात्र त्यांनी एक निराळीच गोष्ट घेतली. ती म्हणजे मनुष्याच्या नाशाचे मूळ त्याच्या स्वभावात शोधण्याची दृष्टी.

येथे थोडे विषयांतर करून मागे पाहणे अवश्य आहे. आपल्या संस्कृत नाटकांच्या परंपरेत दुःखान्त नाटके जवळजवळ नाहीत. भासाच्या ऊरुभंगासारखा अपवाद वगळला, तर नाटकाचा शेवट गोड करावयाचा, ही रीतच पडून गेली होती. उलट ग्रीक लोकांनी ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात शोकान्त नाटकाला मोठे मानाचे स्थान दिले. त्यांच्या नाटकांचा विचार करून ॲरिस्टॉटल ह्या तत्त्ववेत्त्याने असे मत मांडले की, शोकान्त नाटकाचा नायक अगदी सज्जनही नसावा आणि अगदी दुर्जनही नसावा. सर्वथा निर्दोष मनुष्यावर संकट आले तर आपणांस केवळ संताप येतो; दुष्टाचा नाश झाला तर आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु जो आपल्याहून गुणांनी मोठा आहे आणि तरीही आपल्यासारखाच चुकतो, त्याच्या एखाद्या चुकीने जेव्हा त्याचा सर्वनाश ओढवतो, तेव्हा आपल्या मनात करुणा उत्पन्न होते. आणि ही पाळी आपल्यावरही येऊ शकेल, ह्या विचाराने भीतीही उत्पन्न होते.

मराठीत ही दृष्टी हळूहळू आली. विनायक जनार्दन कीर्तने ह्यांनी १८६१ साली थोरले माधवराव पेशवे हे नाटक लिहून दुःखान्ताचे धाडस केले. पुढे गोपाळ गणेश आगरकर ह्यांनी हॅम्लेटचे विकारविलसित केले आणि गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला. आगरकरांनी आपल्या नाटकाला दिलेले नावच बोलके आहे. मनातील विकार काय काय खेळ खेळतात, हेच ह्या नाटकांचे सार होय. परंतु ही कथानके परक्या भूमीतून आणलेली होती, आणि पेशव्यांचे कथानक इतिहासातील होते. आपल्या शेजारच्या घरात, आपल्याच काळात, सामान्य सुशिक्षित गृहस्थाच्या आयुष्यात अशी शोकान्तिका घडू शकते, हे मराठी प्रेक्षकाच्या अंतःकरणावर खोल ठसविण्याचे काम गडकऱ्यांनी केले.

त्यांचे पहिले रंगभूमीवर आलेले नाटक प्रेमसंन्यास. ते १९१२ च्या सुमारास महाराष्ट्र नाटक मंडळीने केले. विधवांच्या दुःखाचा प्रश्न त्यात आहे आणि त्याचा शेवटही दुःखाचाच आहे; पण त्याबरोबर विसरभोळ्या गोकुळासारखे पात्र निर्माण करून गडकऱ्यांनी प्रेक्षकांना मनमुराद हसविले. १९१६ साली किर्लोस्कर मंडळीने पुण्यप्रभाव रंगभूमीवर आणले. ह्या नाटकातील वृंदावन हा सूडाने पेटलेला मनुष्य आहे. परंतु वसुंधरेच्या पातिव्रत्यापुढे आणि धैर्यापुढे त्याचे दुष्टपण टिकाव धरीत नाही, आणि तो पश्चात्ताप पावतो. दुष्ट मनुष्य वळू शकतो, अशी श्रद्धा ह्या नाटकात दिसते.

ह्यानंतर आले एकच प्याला. ह्या नाटकाचे कथानक आजच्या मुलांना ठाऊक नसेल, म्हणून ते थोडक्यात सांगतो.

सुधाकर हा बुद्धिमान, बाणेदार तरुण वकील. गरिबीतून, केवळ स्वतःच्या बुद्धीच्या जोरावर वर आलेला. त्याची पत्नी सिंधू ही श्रीमंत घरची मुलगी, पतीवर निरतिशय प्रेम करणारी. रामलालसारखा वडीलधारा मित्र त्याच्या पाठीशी आहे. काय उणे आहे ह्या घरात? परंतु सुधाकराच्या स्वभावात अपमान सहन करण्याची शक्ती नाही. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सुधाकराचा तोल सुटतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते. शिक्षा मोठी नाही. थोडी कळ सोसली असती तर ते दिवस निघूनही गेले असते. परंतु त्याच्या मनाची आग शमत नाही. अशा वेळी तळीराम हा त्याच्याजवळ येतो आणि दुःख विसरण्याचा सोपा उपाय त्याच्या हातात ठेवतो. तो उपाय म्हणजे मद्याचा एक प्याला. फक्त एकच.

पुढची कथा उताराची आहे. आर्य मदिरा मंडळाच्या बैठकी झडू लागतात. प्रेक्षक त्या बैठकींतील बाष्कळ भाषणे ऐकून हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की, ज्याच्यावर आपण हसत आहो, त्याचे घर मागे जळत आहे. रामलाल विलायतेस जातो. सावरणारा हात दूर होतो. पैसा जातो, अब्रू जाते. माहेरची मदत घेणे पतीच्या मानाला लागेल, म्हणून सिंधू ती घेत नाही. लोकांचे दळण दळून ती तान्ह्या मुलाला वाढविते. एकदा सुधाकर शुद्धीवर येतो. मद्य सोडण्याचा निश्चय करतो, काम मागावयास बाहेर पडतो; परंतु ज्यांच्या दारी तो जातो, ते प्रतिष्ठित लोक त्याला हिडीसफिडीस करून घालवून देतात. अपमान पुन्हा समोर उभा राहतो आणि सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळतो. शेवटी धुंदीत त्याच्याच हातून त्याच्या मुलाचा जीव जातो, सिंधू मरणाच्या दारी पोहोचते, आणि तो स्वतः प्याल्यात विष मिसळून तो अखेरचा प्याला घेतो.

ह्या नाटकाला मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. सुधाकराचा घात मद्याने केला, हे खरे. पण मद्याला दार कोणी उघडले? त्याच नाटकात भगीरथ नावाचा दुसरा एक तरुण आहे. प्रेमात निराशा झाल्यामुळे तोही मद्याच्या आहारी गेलेला आहे. प्याला तोच, मंडळही तेच. परंतु रामलालचा उपदेश त्याच्या अंतःकरणात उतरतो, तो व्यसन सोडतो आणि लोकसेवेच्या मार्गाला लागतो. विष एकच असताना एक वाचतो आणि एक मरतो, तेव्हा कारण विषाबाहेर शोधावे लागते. भगीरथाला दुसऱ्याचा हात धरण्याची लाज वाटत नाही. सुधाकराला वाटते.

आता सुधाकराच्या जागी रामलालला कल्पून पाहा. मुन्सफाच्या बोलण्याने त्यालाही वाईट वाटले असते. पण तो शब्द त्याने गिळला असता, आणि नाटक पहिल्याच अंकात संपले असते. सुधाकराच्या जागी सुधाकरच असल्यामुळे नाटक घडते. शोकान्तिकेतील अटळपणा म्हणतात तो हाच. तो कपाळावर कोणी लिहून ठेवलेला नसतो, अगर आकाशातून कोसळत नाही. विशिष्ट स्वभावाचा मनुष्य विशिष्ट प्रसंगात सापडतो, स्वभावाला साजेसे एक पाऊल टाकतो, त्या पावलाने दुसरा प्रसंग उत्पन्न होतो, आणि त्या प्रसंगात तो पुन्हा तसेच पाऊल टाकतो. अपमानातून उद्धट उत्तर, उत्तरातून शिक्षा, शिक्षेतून रिकामपण, रिकामपणातून प्याला, प्याल्यातून लाज, आणि लाज बुडविण्यासाठी पुन्हा प्याला. ह्या साखळीतील एकही कडी अशी नाही की, जिच्याविषयी प्रेक्षकाने म्हणावे, हे सुधाकराने केले नसते.

आणि ह्यातील सर्वांत विदारक गोष्ट ही की, ज्या दोषाने सुधाकर बुडाला, तोच प्रथम त्याचा गुण होता. गरिबीतून वर येणाऱ्या मुलाला स्वाभिमान हा एकच आधार असतो. कोणापुढे मान वाकवावयाची नाही, ह्या जिद्दीनेच तो वकील झाला. परंतु जी जिद्द शिडी चढताना उपयोगी पडते, तीच शिडीवरून पाय घसरल्यावर कोणाचा हात धरू देत नाही. गुण आणि दोष हे मनुष्याच्या अंगी निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेले नसतात. एकच गोष्ट मापाबाहेर गेली की गुणाची दोष होते. शिक्षकाला वर्गात असे सुधाकर पुष्कळ दिसतात. हुशार, मानी, चूक दाखविली की लाल होणारे, आणि एका परीक्षेत मागे पडले की वही मिटून बसणारे. त्यांच्या हुशारीबद्दल शिक्षकाला काळजी नसते. काळजी असते ती त्यांच्या मानीपणाची.

मग सुटकेची वेळ कोणती? ह्या नाटकाचे उत्तर निष्ठुर आहे. सुधाकर स्वतःच्या तोंडाने मद्यप्याच्या अवस्था रामलालला समजावून सांगतो आणि त्यातून निष्पन्न होणारा अर्थ असा की, मनुष्य खऱ्या अर्थाने स्वतंत्र असतो तो पहिला प्याला उचलण्यापूर्वीच. पुढे निश्चय करणारे मनच मद्याच्या ताब्यात गेलेले असते. आजच्या वैद्यकशास्त्राने व्यसन हा आजार मानला आहे. उपचाराने आणि इतरांच्या आधाराने पुष्कळ लोक त्यातून बाहेर पडतात, आणि ज्यांच्या घरी असे दुःख असेल, त्यांनी सुधाकराचा शेवट पाहून आशा सोडण्याचे कारण नाही. भगीरथ हाही त्याच नाटकातला आहे. तथापि पहिल्या प्याल्यापूर्वीचा क्षण सर्वांत स्वस्त आणि नंतरचा प्रत्येक क्षण अधिकाधिक महाग, हा हिशेब शंभर वर्षांत बदललेला नाही. आपल्या गोमंतकात दारूचे दुकान शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. म्हणून हा हिशेब आपल्या मुलांनी वयात येण्यापूर्वीच मांडून ठेवलेला बरा.

सिंधूविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तिची सहनशीलता पाहून प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या रडले. मरतानाही ती फौजदारापुढे पतीला वाचविण्यासाठी खरा प्रकार लपविते. त्या काळी तो पातिव्रत्याचा कळस समजला गेला. आज आपल्या मुलींनी हे नाटक वाचताना सिंधूच्या दुःखाबद्दल जरूर हळहळावे. परंतु तिचे मौन हे अनुकरणाचे उदाहरण समजू नये. जो घरात हात उगारतो, त्याला झाकल्याने तो सुधारत नाही, आणि अखेर त्याची किंमत तान्ह्या मुलालाही द्यावी लागते, हे तर त्याच नाटकात दिसते. गडकऱ्यांना ही दुसरी बाजू सुचलीच नाही, असेही नव्हे. तळीरामाची बायको गीता त्यांनी मुद्दाम तिखट जिभेची रंगविली आहे; ती मुकाट्याने सोसणारी नाही. प्रेक्षक तिच्या बोलण्यावर हसले आणि सिंधूसाठी रडले. आजचा वाचक कदाचित गीतेचे बोलणे अधिक लक्षपूर्वक ऐकेल.

हे नाटक लिहीत असताना स्वतः गडकऱ्यांचे शरीर क्षयाने पोखरले जात होते. त्या काळी क्षयावर रामबाण औषध नव्हते. ते निघावयास आणखी पाव शतक जावे लागले. नाटकातील पदे लिहिण्याइतके त्राण त्यांना राहिले नाही आणि ती पदे विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचून दिली. प्रकृती खालावल्यावर गडकरी नागपूरजवळच्या सावनेर येथे भावाकडे गेले. तेथेही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. भावबंधन हे नाटक त्यांनी अंथरुणावरच पुरे केले. आणि ते पुरे झाल्यावर लवकरच, २३ जानेवारी १९१९ रोजी, त्यांचे सावनेर येथे निधन झाले.

एकच प्यालाचा पहिला प्रयोग त्यानंतर अवघ्या महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास केला. ज्या संस्थानात नाटककाराचा जन्म झाला, त्याच्याच राजधानीत त्याचे सर्वश्रेष्ठ नाटक रंगभूमीवर आले. परंतु ते पाहावयास नाटककार नव्हता. बालगंधर्व सिंधू झाले आणि गणपतराव बोडस सुधाकर झाले. एरव्ही भरजरी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व सिंधूच्या दारिद्र्याच्या प्रवेशात ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसले, आणि त्या वेषातही प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

भावबंधनही गडकऱ्यांच्या पश्चातच रंगभूमीवर आले. ते बळवंत संगीत मंडळीने केले. त्या नाटकाशी आपल्या गोमंतकाचे नाते आहे; कारण त्यातील लतिकेची भूमिका मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी गाजविली. घनश्याम झाले चिंतामणराव कोल्हटकर. हा घनश्यामही अपमानाने पेटलेलाच मनुष्य आहे. लतिकेने केलेली मानहानी त्याला सहन होत नाही आणि तो सूडाचे जाळे विणतो. सुधाकराची जखम आणि घनश्यामाची जखम एकाच जातीची. परंतु घनश्याम अखेर मागे फिरतो, त्याला पश्चात्ताप होतो आणि नाटक सुखान्त होते. मृत्यू उशाशी उभा असताना लिहिलेल्या नाटकात लेखकाने दोषी मनुष्याला माघारी येण्याची वाट उघडी ठेवली, हे विसरण्याजोगे नाही.

ह्या दोन नाटकांच्या शेजारी स्वतः गडकऱ्यांचे आयुष्य ठेवून पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. लोक त्यांच्या जीवनालाही शोकान्तिका म्हणतात. वडील लवकर गेले, शिक्षण तुटले, संसाराचे सुख लाभले नाही, पैसा कधी पुरला नाही, आणि ऐन तारुण्यात रोगाने गाठले. दुःख होते ह्यात संशय नाही. परंतु नाटकाच्या परिभाषेत ही शोकान्तिका नव्हे. सुधाकराला निरोगी शरीर, प्रेमळ पत्नी आणि श्रेष्ठ मित्र लाभला असताना त्याने आतून स्वतःचा नाश करून घेतला. गडकऱ्यांवर आलेली संकटे बाहेरची होती. आतला मनुष्य अखेरपर्यंत उभा होता. मुलांना शिकविणारा मास्तर म्हणून नाटक कंपनीत शिरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गुरूला गुरू म्हणण्याची त्यांना लाज वाटली नाही. आणि नाटकातील पदे आपल्या हातून होत नाहीत असे दिसताच ते काम दुसऱ्याच्या हाती गेले, म्हणून त्यांचा मान गेला नाही. सुधाकराला जे जमले नाही, ते त्याच्या निर्मात्याने जमविले होते.

गडकऱ्यांचा कवितासंग्रह वाग्वैजयंती हा १९२१ साली आणि विनोदी लेखांचा संग्रह संपूर्ण बाळकराम हा १९२५ साली प्रसिद्ध झाला. राजसंन्यास हे नाटक अपुरेच राहिले. ठाण्याच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. गोव्यातील देवळांच्या जत्रांतून हौशी मंडळी आजही संगीत नाटके करतात. अशा एखाद्या रात्री मांडवाखाली एकच प्यालाचा पडदा वर गेला, तर मुलांनी पहिल्या रांगेत बसून पहिला अंक विशेष लक्षपूर्वक पाहावा. पाचव्या अंकात सर्वांच्याच डोळ्यांना पाणी येते. परंतु तोपर्यंत करण्यासारखे काही उरलेले नसते. जे काही करता आले असते, ते सर्व पहिल्या अंकात आहे. तेथे सुधाकर अजून हुशार वकील आहे, सिंधू हसत आहे, आणि मुन्सफाचा एक कठोर शब्द गिळावयाचा तेवढा बाकी आहे.